पिग्मीचं ॲप एकदा लिहायचं की दोनदा? क्रॉस-प्लॅटफॉर्म आणि नेटिव्हचा हिशोब

सोसायटीच्या मासिक सभेत टेबलावर दोन कोटेशन येतात. पहिल्यात लिहिलेलं असतं, 'एकाच कोडमध्ये अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्ही ॲप'. दुसऱ्यात अँड्रॉइडचं काम वेगळं, आयफोनचं वेगळं, आणि खाली बेरजेचा आकडा चांगलाच मोठा. चेअरमन विचारतात, 'एकाच खर्चात दोन मिळत असतील तर दुसरं कशाला?' व्यवस्थापक संगणक बघणाऱ्या पोराकडे पाहतात, पोरगा 'दोन्ही चालतात सर' म्हणतो, आणि कमी रकमेच्या कागदावर सही होते. वर्षभरानंतर पिग्मी एजंटच्या फोनवर पावती निघेनाशी झाली की मग खरी चर्चा सुरू होते.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सोसायट्या, क्लासेस, दवाखाने, किराणा होलसेलवाले, सगळ्यांनाच आता स्वतःचं ॲप हवं आहे. ते क्रॉस-प्लॅटफॉर्म करायचं की नेटिव्ह, हा प्रश्न किरकोळ तांत्रिक वाटतो. पण याच प्रश्नावर हजारो इंजिनियर पदरी असलेल्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं घालवली, काहींनी केलेलं काम उकलून पुन्हा शिवलं. ॲडव्हान्सचा चेक देण्याआधी यातलं थोडं समजून घेतलेलं बरं.

दोन शब्दांचा अर्थ

अँड्रॉइड गुगलचं आणि आयफोन ॲपलचा, हे सर्वांना ठाऊक आहे. या दोघांची घरं वेगळी आणि घरातली बोलीही वेगळी. अँड्रॉइडसाठी पूर्वी जावा वापरायचे, २०१७ मध्ये गुगलने कोटलिन या भाषेला अधिकृत मान्यता दिली आणि आता तीच चालते. आयफोनसाठी ॲपलने २०१४ मध्ये स्विफ्ट आणली. ज्या घरात राहायचं त्या घरच्या बोलीत लिहिलेलं ॲप म्हणजे नेटिव्ह. दोन्ही घरांत जायचं असेल तर दोनदा लिहायचं, दोनदा तपासायचं, दोनदा दुरुस्त करायचं.

क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे एकदाच लिहून दोन्हीकडे चालवायचं. यातही प्रकार आहेत, आणि कोटेशनमध्ये नेमका हाच तपशील गाळलेला असतो.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे वेबसाइटलाच ॲपचा अंगरखा घालणं. आत वेबपान, बाहेर आयकॉन. झटपट होतं, स्वस्त पडतं. पण ज्यात वेबसाइटपेक्षा वेगळं काहीच नाही असं ॲप ॲपलचं स्टोअर नाकारू शकतं, तसा त्यांचा नियमच आहे.

दुसरा प्रकार रिॲक्ट नेटिव्ह. फेसबुकने २०१५ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. यात प्रोग्रामर जावास्क्रिप्टमध्ये लिहितो, पण पडद्यावर दिसणारं बटण, यादी, अक्षरं फोनच्या स्वतःच्याच असतात. मध्ये एक दुभाषी बसलेला असतो. सीमाभागातल्या वाचकांना दुभाष्याचं काम वेगळं समजावून सांगायची गरज नाही. साध्या बोलण्याला तो पुरतो, पण भराभर आणि खूप बोलायचं असलं की अडखळतो. हा दुभाषी हटवून थेट बोलण्याची नवी रचना रिॲक्ट नेटिव्हमध्ये २०२४ च्या अखेरीस मूळ सेटिंगच झाली, त्यामुळे जुनी तक्रार बरीच कमी झाली आहे.

तिसरा फ्लटर, गुगलचा. डिसेंबर २०१८ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. याची तऱ्हा जुन्या नाटक कंपनीसारखी. कंपनी गावात यायची ती स्वतःचे पडदे, दिवे, पेटी-तबला सगळं घेऊनच. थिएटरात काय आहे, काय नाही, याची तिला फिकीर नसायची. फ्लटर पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतः रंगवतो. म्हणून स्वस्तातल्या फोनवर आणि महागड्या आयफोनवर ॲप एकसारखं दिसतं. तोटाही त्यातच आहे. थिएटरची नवी सजावट झाली तरी कंपनीचे पडदे जुनेच राहतात. २०२५ मध्ये ॲपलने आयफोनचं रूप बदललं, काचेसारखी चमकदार बटणं आणली. नेटिव्ह ॲपना त्यातलं पुष्कळसं नव्याने बांधणी करताच मिळालं, फ्लटरच्या ॲपना ते आपोआप मिळालं नाही.

चौथा एक मधला मार्ग आहे. हिशोब, व्याज, नियम हे एकदाच लिहायचं आणि पडदे मात्र दोन्हीकडे वेगळे करायचे. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म हे त्यासाठीचं साधन नोव्हेंबर २०२३ मध्ये पक्कं म्हणून जाहीर झालं.

आश्वासन जुनंच

'एकदा लिहा, कुठेही चालवा' ही घोषणा काही मोबाइलवाल्यांची नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा आणली तेव्हाची ती आहे. सर्व्हरवर ती बऱ्यापैकी खरी ठरली. जिथे माणूस पडदा बघतो, बोटाने सरकवतो, कॅमेरा उघडतो, तिथे मात्र ती दर वेळी थोडी थोडी फसत गेली.

फेसबुकची गोष्ट सर्वांत बोलकी. सुरुवातीचं त्यांचं मोबाइल ॲप म्हणजे आत वेबपान आणि बाहेर अंगरखा, असंच होतं. ते इतकं रेंगाळायचं की वापरणारे वैतागले. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांनी आयफोनचं ॲप नव्याने नेटिव्ह लिहिलं, आणि पुढच्याच महिन्यात मार्क झुकरबर्गने एका जाहीर कार्यक्रमात मान्य केलं की वेबच्या तंत्रावर नको तितका भरवसा ठेवणं ही कंपनीची सर्वांत मोठी चूक होती. गंमत अशी की त्यानंतर तीनच वर्षांत त्याच कंपनीने रिॲक्ट नेटिव्ह काढलं. म्हणजे एकदाच लिहायची हौस काही सुटली नाही, फक्त पद्धत बदलली.

एअरबीएनबीने २०१६ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह घेतलं आणि जून २०१८ मध्ये सोडत असल्याचं सविस्तर लिहून जाहीर केलं. त्यांची कारणं वाचण्यासारखी आहेत. त्यांच्याकडे अँड्रॉइड आणि आयफोनची मोठी नेटिव्ह ॲप आधीपासून होती. त्यात नवं तंत्र मिसळलं, तेव्हा दोनाचं एक होण्याऐवजी दोनाचं तीन झालं. एखादी गडबड झाली की ती जावास्क्रिप्टमध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये की आयफोनमध्ये, हे शोधायला तिन्ही जाणणारा माणूस लागायचा. असा माणूस दुर्मिळ.

ड्रॉपबॉक्सने वेगळी वाट धरली होती. २०१३ पासून ते सामायिक भाग सी प्लस प्लस भाषेत लिहायचे आणि दोन्ही ॲपमध्ये जोडायचे. २०१९ मध्ये त्यांनीही ते थांबवलं. त्यासाठी लागणारी अवजारं त्यांना स्वतःच घडवावी लागली, ती सांभाळणारी अनुभवी माणसं कंपनी सोडून गेली, आणि नवी मिळेनात. कोड वाचवला, पण तो सांभाळण्याचा खर्च बचतीपेक्षा वर गेला.

उलट बाजूची उदाहरणंही तितकीच वजनदार आहेत. शॉपिफायने २०२० च्या सुरुवातीला जाहीर केलं की यापुढे त्यांची मोबाइल ॲप रिॲक्ट नेटिव्हमध्ये होतील, आणि ते त्यावर टिकून राहिले. भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सगळे जे गुगल पे वापरतात, ते फ्लटरमध्ये नव्याने लिहिलेलं आहे. म्हणजे पैशाच्या व्यवहाराला क्रॉस-प्लॅटफॉर्म चालतच नाही, असं म्हणणाऱ्याच्या फोनवर बहुधा त्याचा पुरावाच बसलेला असतो. व्हॉट्सॲप मात्र दोन्ही फोनवर नेटिव्ह. आणि तेच व्हॉट्सॲप विंडोज संगणकावर २०२२ मध्ये नेटिव्ह झालं, नि २०२५ मध्ये परत वेबच्या अंगरख्यात गेलं. एकाच कंपनीत, एकाच ॲपचं हे असं.

यातून दिसतं ते एवढंच की 'कुठलं तंत्र चांगलं' या प्रश्नाला उत्तर नाही. वापरणारा कोण, त्याच्या हातात कुठला फोन, ॲपला फोनच्या बाहेरच्या कुठल्या वस्तूशी बोलायचं आहे आणि पाच वर्षांनी ते कोण सांभाळणार, याला उत्तर असतं. आपल्याकडचं एक काम घेऊन ते पाहू.

पिग्मी एजंटच्या पिशवीत काय असतं?

पिग्मी ही दक्षिणेकडची देणगी. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोज दोन आणे गोळा करायची ही योजना सुरू केली. पुढे ती सहकारी पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांनी उचलली आणि बेळगावच्या बाजारपेठेत तर ती अंगवळणीच पडली आहे. संध्याकाळी एजंट दुकानादुकानांतून, गाड्यागाड्यांवरून फिरतो, पन्नास-शंभर रुपये घेतो, पावती देतो. पूर्वी कार्डावर सही व्हायची, मग छोटी पिग्मी मशीन आली, आता मोबाइल आणि कमरेला लटकवलेला ब्लूटूथ प्रिंटर.

या ॲपचं सगळं अवघडपण त्या प्रिंटरमध्ये आहे, आणि कोटेशनमध्ये त्याला एक ओळ मिळते: 'प्रिंटर जोडणी समाविष्ट'.

बाजारात मिळणारे स्वस्त थर्मल प्रिंटर बहुतांशी जुन्या प्रकारच्या ब्लूटूथवर चालतात. अँड्रॉइड फोन त्यांच्याशी सरळ बोलतो. आयफोन बोलत नाही. जुन्या ब्लूटूथच्या अशा उपकरणाला ॲपलची मान्यता असल्याशिवाय आयफोनवरचं ॲप त्याच्याशी जोडता येत नाही. ब्लूटूथ लो एनर्जी हा नवा प्रकार असलेला प्रिंटर घेतला तर जमतं. म्हणजे 'एकाच कोडमध्ये दोन्ही फोन' हे वाक्य पिग्मीच्या पावतीशी आलं की लंगडं पडतं. कोड दोन्हीकडे चालेल, कागद एकीकडेच निघेल.

दुसरी अडचण मराठीची. या प्रिंटरच्या पोटात इंग्रजी अक्षरं भरलेली असतात, देवनागरी सहसा नसते, कन्नडही नसते. 'पाटील' असा मजकूर पाठवला तर कागदावर प्रश्नचिन्हं नाहीतर वेडीवाकडी चिन्हं उमटतात. मग पावती फोनवरच चित्र म्हणून तयार करावी लागते आणि ते चित्र प्रिंटरला ठिपक्या-ठिपक्यांनी पाठवावं लागतं. हे अशक्य मुळीच नाही, पण वेळ लागतो, चित्र मोठं झालं तर प्रिंटर मध्येच थांबतो, आणि भर बाजारात गिऱ्हाईक समोर उभं असताना पाच सेकंदसुद्धा जास्त वाटतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी पावती इंग्रजीत दिली जाते आणि ज्याच्या पैशाची ती पावती, त्यालाच ती वाचता येत नाही. भाजीच्या गाडीवरच्या बाईला आपल्या शंभर रुपयांची नोंद आपल्या लिपीत मिळणं ही काही चैनीची मागणी नव्हे.

तिसरी गोष्ट परवानग्यांची. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी ॲपला वेगळी परवानगी मागावी लागते. नेटिव्ह ॲप असेल तर प्रोग्रामर गुगलची सूचना वाचतो आणि बदल करतो. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये ब्लूटूथचं काम बहुतेक वेळा कुणीतरी फुकट लिहून ठेवलेल्या प्लगइनवर चालतं. तो लिहिणारा जगाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे, त्याने ते काम अजून चालू ठेवलं आहे का, हे कोटेशनवर छापलेलं नसतं. प्लगइन पडून राहिलं की नवा फोन घेतलेल्या एजंटचा प्रिंटर जोडला जात नाही, आणि दोष 'नेटवर्क'ला दिला जातो.

नेटवर्कचा विषय निघालाच आहे. शहरात, टिळकवाडीत किंवा शहापुरात, रेंजची चिंता नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, जंगलपट्ट्यात रेंज जाते-येते. तिथे पैसे घेतले की नोंद आधी फोनमध्येच पक्की व्हायला हवी, पावती निघायला हवी, आणि रेंज आली की ती सोसायटीच्या सर्व्हरवर जायला हवी. इथे अँड्रॉइडची एक खोड आडवी येते. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी कामं परस्पर बंद करतात. खिशातल्या फोनने रेंज आल्यावर नोंदी पाठवल्याच असतील, याची खात्री नसते. यावर उपाय आहेत, पण ते अँड्रॉइडच्या खोलात शिरूनच करावे लागतात. क्रॉस-प्लॅटफॉर्मवाल्यालाही शेवटी कोटलिन उघडावंच लागतं.

मग पिग्मीच्या ॲपला काय करावं? उत्तर सरळ आहे. भारतात शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइड आहेत, आणि पिग्मी एजंटांत आयफोनवाला शोधून सापडणं कठीण. शिवाय फोन कुठला घ्यायचा हे सोसायटी सांगू शकते, हवं तर स्वतः घेऊन देऊ शकते. जिथे दुसरं घरच नाही, तिथे दोन्ही घरांत चालणाऱ्या बोलीसाठी पैसे का मोजायचे? फक्त अँड्रॉइड, कोटलिनमध्ये, नेटिव्ह. दुसऱ्या कोटेशनमधली आयफोनची ओळ खोडा, बेरीज आपोआप खाली येते. पुष्कळ सभांमध्ये ही तिसरी शक्यता कुणी मांडतच नाही, कारण कोटेशन देणाऱ्याने प्रश्नच 'एक की दोन' असा विचारलेला असतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच तंत्राने सुटत नाही. एजंटने पाचशेची नोंद पाठवली, सर्व्हरने ती घेतली, पण 'मिळाली' हा निरोप परत येताना रेंज गेली. फोनला वाटतं नोंद गेलीच नाही, तो पुन्हा पाठवतो. सर्व्हरने ती नवी समजली तर खात्यावर हजार जमा, हातात मात्र पाचशे. म्हणून प्रत्येक पावतीला फोनमध्येच, एकदाच, दुसऱ्या कुणाचा कधी येणार नाही असा क्रमांक पडला पाहिजे आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने 'ही आधीच घेतली' म्हणून सोडून दिली पाहिजे. कोटलिन असो की फ्लटर, हे केलेलं नसेल तर रोजच्या रोकडीचा मेळ बसणार नाही. चौकशी करायचीच तर याची आधी करावी.

सभासदांच्या ॲपचं गणित उलटं

त्याच सोसायटीला सभासदांसाठीही ॲप हवं असतं: शिल्लक, ठेवीची मुदत, कर्जाचा हप्ता, सभेची सूचना. इथे फोन कुठला असेल हे सोसायटीच्या हातात नाही. डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक, पुण्या-बेंगळूरला नोकरीला गेलेली मुलं यांच्याकडे आयफोन असतो, आणि मोठ्या ठेवी बहुधा त्यांच्याच असतात. 'आयफोनवर नाही' असं त्यांना सांगता येत नाही. ॲपला बाहेरच्या कुठल्या यंत्राशी बोलायचं नाही, पडदे आठ-दहा, ते ठरावीक साच्याचे. क्रॉस-प्लॅटफॉर्मने इथे खरोखर अर्धं काम वाचतं, आणि त्याला नावं ठेवणारा नेटिव्हवाला जरा हट्टीच म्हणायचा.

फ्लटरचा एक फायदा आपल्या भाषेलाही होतो. मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा. संगणकाच्या लेखी अक्षर एकच, वळण फॉन्टने निवडायचं, तेही ॲपने 'हा मजकूर मराठी आहे' असं सांगितलं तर. 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यातला अर्धा र नीट यायला हवा. ॲप फोनच्या फॉन्टवर विसंबलं तर हे फोनगणिक बदलू शकतं. फ्लटरमध्ये चांगला देवनागरी आणि कन्नड फॉन्ट ॲपसोबतच देण्याची पद्धत रुळलेली आहे, त्यामुळे सर्वांना एकच दिसतं. नेटिव्हमध्येही फॉन्ट देता येतो, पण दोन्हीकडे वेगवेगळं बघावं लागतं. बदल्यात ॲपचा आकार काही एमबीने वाढतो. ज्याचा फोन फोटो-व्हिडिओंनी आधीच भरलेला आहे, त्याला ते जाणवतं.

सभासद महिन्यातून एकदाच शिल्लक बघणार असेल तर ॲप तरी कशाला, असाही प्रश्न आहे. मोबाइलवर नीट उघडणारी वेबसाइट, होम स्क्रीनवर तिचं चिन्ह, आणि सूचना एसएमएसने. लहान सोसायटीला तेवढं पुरतं. पण 'आमचं ॲप आहे' हे वार्षिक अहवालात छापायला बरं वाटतं, त्याला इलाज नाही.

खर्च सही झाल्यावर सुरू होतो

ॲप म्हणजे एकदा बांधली की झाली अशी इमारत नव्हे. ॲपलचं डेव्हलपर खातं दर वर्षी ९९ डॉलर घेतं, गुगलचं एकदाच २५ डॉलर. आयफोनचं ॲप, कुठल्याही तंत्राने करा, शेवटी तयार होताना ॲपलच्या मॅक संगणकावरच व्हावं लागतं. ज्याच्याकडे मॅक नाही आणि 'आयफोनचंही देतो' म्हणतो, तो ते कुठे तयार करणार हे विचारून घ्यावं.

शिवाय गुगल दर वर्षी किमान पातळी वर नेतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना आणि सुधारित आवृत्त्यांना अँड्रॉइड १५ च्या नियमांनुसार असणं भाग पडलं. नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक अट आली, फोनच्या मेमरीचे तुकडे मोठे झाले तरी ॲप चाललं पाहिजे अशी. निव्वळ कोटलिनमध्ये लिहिलेल्या साध्या ॲपला यासाठी बहुधा काहीच करावं लागत नाही. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्हच्या पोटात मात्र सी प्लस प्लसचं इंजिन असतं, प्लगइनमध्येही तसे भाग असतात. ते सगळे नव्या आवृत्तीचे घ्यावे लागतात, आणि एक बदलला की दुसरा कुरकुरतो. जुनं ॲप कपाटात ठेवून दोन वर्षांनी काढलं तर ते उभं करण्यातच काही दिवस जातात.

आणि तंत्रच बंद पडलं तर? हे घडलेलं आहे. वेबपानाला अंगरखा घालणारं फोनगॅप एकेकाळी घरोघरी होतं. ॲडोबीने २०११ मध्ये ते बनवणारी कंपनी घेतली आणि २०२० मध्ये त्याची सेवा गुंडाळली. झामरिन मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विकत घेतलं, १ मे २०२४ रोजी त्याचा आधार संपला, वापरणाऱ्यांना नव्या साधनाकडे स्थलांतर करावं लागलं. कोटलिन आणि स्विफ्ट उद्या बंद पडतील अशी शक्यता फारच कमी, कारण त्यामागे फोन विकणाऱ्यांचाच धंदा उभा आहे. फ्लटर गुगलचं आणि रिॲक्ट नेटिव्ह मेटाने सुरू केलेलं, दोन्ही आज जोरात आहेत. तरी पाच-सात वर्षांचा विचार करणाऱ्या संस्थेने हा फरक लक्षात घ्यावा.

आपल्या गावात माणसं कुठली मिळतात, हेही पाहावं लागतं. व्हीटीयूचं मुख्यालयच इथे असल्याने इंजिनियर पोरांचा तुटवडा नाही. पण त्यातली चांगली पोरं वर्ष-दोन वर्षांत बेंगळूर, पुणे किंवा गोव्याला जातात. ॲप करणारी चार माणसांची छोटी फर्म असेल आणि त्यातला एकच जण आयफोनचं काम जाणत असेल, तर तो गेला की आयफोनचं ॲप जिथल्या तिथे राहतं. अशा फर्मने दोन नेटिव्ह ॲप करण्याचं धाडस न केलेलंच बरं. एकच फ्लटरचा कोड, जो चौघांनाही वाचता येतो, तिच्यासाठी जास्त सुरक्षित. मोठ्या शहरातल्या कंपनीचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही तो यामुळेच. शिकणाऱ्या पोरांनी मात्र फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह शिकताना निदान एक घर, अँड्रॉइड म्हणा, आतून नीट पाहून ठेवावं. वर सांगितलेल्या प्रिंटरसारखं काम आलं की फक्त वरची बोली येणारा तिथेच थबकतो.

कागदोपत्री एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी. गुगल आणि ॲपलची खाती सोसायटीच्या नावावर हवीत, करणाऱ्याच्या नव्हे. ॲपवर मोहोर उठवणारी डिजिटल किल्ली आणि संपूर्ण सोर्स कोड सोसायटीच्या ताब्यात हवा. ही किल्ली हरवली आणि फर्मने गाशा गुंडाळला, तर त्याच ॲपची पुढची आवृत्ती काढणं महाकठीण होतं. मग नव्या नावाने नवं ॲप, आणि हजारो सभासदांना ते पुन्हा घ्यायला सांगणं. संस्थेच्या नावाने खातं काढायला डी-यू-एन-एस नावाचा क्रमांक लागतो. तो मिळायला दिवस जातात म्हणून पुष्कळदा 'तोवर आमच्या खात्यावर टाकतो' असं होतं आणि ते तसंच राहून जातं. वैयक्तिक खात्यावर टाकायचं म्हटलं तरी नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या खात्यांना गुगलने अट घातली आहे: आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ॲप वापरून पाहिलं पाहिजे.

राहिलं प्रात्यक्षिक. ते फर्मच्या ऑफिसात, त्यांच्याच नव्या फोनवर पाहू नये. सोसायटीतल्या सर्वांत जुन्या एजंटचा सर्वांत जुना फोन घ्यावा, त्याचाच प्रिंटर घ्यावा, फोन एअरप्लेन मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं चालू करावं आणि दहा नावांच्या मराठी पावत्या काढायला सांगाव्यात. 'कुऱ्हाडे', 'श्रीशैल', 'लक्ष्मीबाई' अशी नावं त्यात घालावीत. मग फोन बंद करून पुन्हा चालू करावा, रेंज द्यावी, आणि सर्व्हरवर बरोबर दहाच नोंदी आल्या का ते मोजावं.